फॅमिली कुठे आहे?

हा शब्द मी शाळेत शिकले तेव्हा तो अगदी सरळ होता. इंग्रजीच्या पुस्तकात पानभर चित्र होतं. आई, वडील, मुलगा, मुलगी, कोपऱ्यात आजी आणि आजीच्या पायाशी मांजर. खाली लिहिलं होतं, ही माझी फॅमिली. मांजरसुद्धा धरलेलं होतं. पुढे चाळिशीत नोकरीसाठी दिल्लीकडे आले आणि कळलं, की त्या चित्रातलं मांजर एक वेळ चालेल, पण मी चालणार नाही.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालेलं. बाहेरच्या कंपन्यांना देशाची दारं उघडली होती आणि आमच्या पुण्याच्या कंपनीने एका परदेशी कंपनीशी हातमिळवणी करून फरीदाबादेत नवा कारखाना काढला होता. तिथलं ड्रॉइंग ऑफिस उभं करायला मला पाठवलं. यंत्राच्या सुट्या भागांचे नकाशे काढणं हे माझं काम. लग्न मी केलेलं नव्हतं. 'राहून गेलं' असं लोक माझ्या वतीने परस्पर सांगत, पण राहून वगैरे काही गेलं नव्हतं, मला करायचंच नव्हतं. वडील गेल्यापासून आई माझ्याजवळ असायची. तिनेही पुण्यातलं बिऱ्हाड गुंडाळलं आणि माझ्याबरोबर निघाली.

घर शोधायला प्रॉपर्टी डीलरकडे गेले. खुर्चीत बसायच्या आधीच त्याने विचारलं, "फैमिली है?"

"है. मैं और मेरी माँ."

"माताजी तो ठीक है जी. फैमिली कहाँ है?"

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तो माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत राहिला. मागून कुणीतरी पुरुष आत येईल, बहुधा गाडी लावून येत असेल, अशी त्याची समजूत असावी. कुणीच आलं नाही तेव्हा त्याने दाखवायला काढून ठेवलेल्या चाव्या परत ड्रॉवरमध्ये टाकल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशा चाव्या त्या महिन्यात मी पुष्कळ ठिकाणी ड्रॉवरमध्ये परत जाताना पाहिल्या.

हळूहळू शब्दाचा अर्थ उमगत गेला. ऑफिसातले अकाउंटंट एक दिवस उदास बसले होते. म्हणाले, "फैमिली बीमार है." मी घाबरून विचारलं, सगळेच? तर म्हणाले, नाही नाही, बच्चे तो ठीक हैं. म्हणजे फॅमिली म्हणजे बायको. पण बायकोला विचारलं असतं तर तिची फॅमिली म्हणजे नवरा झाली असती का? नसती. नवऱ्याला कुणी फॅमिली म्हणत नाही. नवरा असला की त्याच्या भोवती जे असतं ते फॅमिली, आणि नवरा नसला की भोवतीच्यांना नावच नाही. नकाशात एखादं माप असं मोघम सोडलं असतं तर साहेबांनी माझा नकाशा तोंडावर फेकला असता.

हे सगळं दिल्लीकरांचं, आम्ही मराठी माणसं किती सुधारलेली, असं म्हणायची मात्र सोय नव्हती. माझे आजोबा पाहुण्यांना सांगायचे, "आमचं कुटुंब जरा माहेरी गेलंय." कुटुंब म्हणजे आजी, एकटी. फरीदाबादच्या महाराष्ट्र मंडळाचं निमंत्रण यायचं त्यातही छापलेलं असे, सहकुटुंब सहपरिवार अगत्याने यावे. पहिल्या कार्यक्रमाला दारातच एका बाईंनी मला हळदीकुंकू लावत विचारलं, "एकट्याच? बरोबर कुणी नाही?" माझ्या शेजारी आई उभी होती. चांगली नऊवारीतली, ठसठशीत, दिसू नये अशी मुळीच नाही.

शेवटी घर मिळालं ते गावाबाहेर, जिथे कालपरवापर्यंत मोहरीची शेतं होती आणि आता उंच उंच सोसायट्या उगवत होत्या. फ्लॅटचा मालक परदेशात होता, त्याचे म्हातारे वडील भाडेकरू बघत होते. ते म्हणाले, "आप लोग बॉम्बे साइड के हैं ना? बॉम्बे साइड के लोग शरीफ होते हैं." पुणं आणि मुंबई यांतला फरक समजावून सांगायची ती वेळ नव्हती. मी मान डोलावली आणि चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला.

त्या दिवसांत तो शब्द सगळीकडे चिकटवलेला असे. आइस्क्रीमचा फॅमिली पॅक, नवी फॅमिली कार, फॅमिलीसाठी टूथपेस्ट. टीव्हीवर दिवसभर हसणारे नवराबायको आणि दोन मुलं काहीतरी विकत असायची. मी दुकानातून फॅमिली पॅक आणायची तेव्हा दुकानदाराने कधीही विचारलं नाही, की बाई, तुमची फॅमिली कुठे आहे. विकताना सगळे फॅमिली. राहायला जागा द्यायची म्हटली की चौकशी.

संक्रांतीच्या सुमाराला मंडळाची बस पानिपतला जायची, जिथे लढाई झाली त्या काला अंबला. तिथल्या स्मारकापाशी नमस्कार करायचा, तिळगूळ वाटायचा आणि अंधार पडायच्या आत परतायचं. पहिल्याच वर्षी आई हट्टाने गेली, म्हणून मीही गेले. वाटेत बस ढाब्यावर थांबली. आम्ही दोघी बाकावर बसणार, तेवढ्यात ढाबेवाला धावत आला. "लेडीज़ हैं, लेडीज़ हैं, फैमिली केबिन में बिठाओ!" आणि एका कळकट पडद्यामागे आमची रवानगी केली. घर मागताना आम्ही फॅमिली नव्हतो. लपवायची वेळ आली तेव्हा एका क्षणात झालो. मी पडदा बाजूला सारला, त्याने तो पुन्हा ओढला. चहा येईपर्यंत आमचं हेच चाललं होतं. आई म्हणाली, "अगं, भांडतेस काय पडद्याशी? पराठा खा."

काला अंबला धुकं अजून विरलं नव्हतं. स्मारकाच्या पायऱ्यांजवळ दोन तरुण मुलं बसून केळी खात होती आणि मराठीत वाद घालत होती. आईचे कान लगेच टवकारले. दिल्लीत राहून कलेक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं होती, आपलीआपण एसटीने, म्हणजे इकडच्या रोडवेजने आली होती. एक परभणीकडचा, उंच आणि बडबड्या. दुसरा उदगीरजवळच्या खेड्यातला, चष्मेवाला, कमी बोलणारा, मुसलमान. आईने त्यांच्या हातातली केळी काढून गूळपोळ्या दिल्या आणि चौकशी सुरू केली. गाव कुठलं, वडील काय करतात, भावंडं किती, खोलीवर जेवणाचं काय. रविवारी खानावळ बंद असते हे कळल्यावर तिने विषयच संपवला. "रविवारचा वार आमच्याकडे."

मुलं बघतच राहिली. वार लावून जेवणं त्यांनी ऐकलंसुद्धा नव्हतं. बसमध्ये बसेपर्यंत आईने त्यांना सांगितलं, की तिचा थोरला भाऊ पुण्यात असाच शिकला. गरिबाघरचा मुलगा, सोमवारी एका घरी जेवायचा, मंगळवारी दुसऱ्या. सात घरांनी सात दिवस वाटून घेतलेले. हे सगळं ती कौतुकाने सांगायची. फक्त बुधवारच्या घराबद्दल सांगताना तिचा आवाज बदलायचा. त्या घराने मामाचं नाव कधी विचारलंच नाही. तो दारात आला की आतून आवाज यायचा, "बुधवार आला गं, ताट वाढ." चार वर्षं तो तिथे जेवला आणि चार वर्षं तो बुधवार होता. अन्न चांगलं होतं, एवढंच मामा म्हणायचा.

म्हणून आईला माणसाचं नाव लागायचं. भाजीवाला, दूधवाला, लिफ्टवाला, कुणीही असो, आधी नाव, मग व्यवहार. या दोघांची नावं तर तिने गावासकट आणि वडिलांसकट पाठ केली. चष्मेवाल्याचं नाव मी इथे लिहीत नाही. आज तो मोठ्या हुद्द्यावर आहे आणि मी त्याला विचारलेलं नाही.

मुलं दोन बस बदलून दर रविवारी यायला लागली. येताना कधी तिळाची गजक आणायची, कधी मुळा. आई त्यांना वरणभात, पोळ्या, भरली वांगी असं काय काय करून घालायची. मी त्यांची मावशी झाले आणि ती आजी. उंच मुलगा जेवताना देशाच्या अर्थव्यवस्थेवर भाषण द्यायचा. चष्मेवाला मुकाट्याने चौथी पोळी घ्यायचा आणि नंतर सगळी भांडी घासून ठेवायचा. आई त्याला ओरडायची, तो ऐकायचा नाही. इकडे आल्यापासून ती पहिल्यांदा खुशीत दिसत होती. आठवडाभर ती घरात एकटी असे, हिंदीची भीती, शेजारी कुणाशी बोलणं नाही. शनिवारी सकाळपासून मात्र तिच्या अंगात वारं शिरायचं.

आणि मग सोसायटीत इंटरकॉम बसले.

आतापर्यंत फाटकावरचा गार्ड हात वर करून ज्याला त्याला आत सोडायचा. आता प्रत्येकाला थांबवून नाव विचारायचं आणि वर फोन करायचा, असा नवा नियम आला. सुरक्षेसाठी म्हणे. मुलं आली की गार्ड फोनवर विचारायचा, "मैडम, दो लड़के हैं. फैमिली में हैं?" मी म्हणायची, "मेहमान हैं, भेजो." दोनतीन रविवार गेले. नंतर एका संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आमच्याकडे आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सभ्य, स्वेटरची बटणं वरपर्यंत लावलेली. आईने त्यांना चहा आणि चिवडा दिला. चिवडा त्यांना आवडला. त्यांनी दुसऱ्यांदा घेतला आणि मग म्हणाले,

"बुरा मत मानिए मैडम जी. कंप्लेंट आई है."

"किसकी?"

"सबकी. हर संडे जवान लड़के आते हैं. ये फैमिली सोसायटी है."

"तो हम क्या हैं?"

"आप लोग तो शरीफ हैं जी."

"शरीफ हैं, फैमिली नहीं हैं?"

त्यांनी कप बशीत गोल फिरवला. "देखिए, आपकी फैमिली होती तो कोई बात ही नहीं थी."

माझी आई त्यांच्यासमोर बसलेली होती. त्यांच्या हातात तिने केलेला चिवडा होता. तिला सुईत दोरा ओवून देऊन, तिच्या गुडघ्यांना तेल चोळून मी ज्या घरात राहत होते त्या घराला हा माणूस चिवडा खात खात रिकामं ठरवत होता. मला बोलता येईना इतका संताप आला. मग बोलता आलं तेव्हा जरा जास्तच आलं. त्यांच्याच मजल्यावरच्या एका नवराबायकोची रोजची आदळआपट सगळी इमारत ऐकते, ती फॅमिली का, असं मी विचारलं. सेक्रेटरी उठले. ऐकलं नाही तर मालकाच्या वडिलांशी बोलावं लागेल, एवढं मात्र जाताना त्यांनी शांतपणे सांगितलं. म्हणजे घर जाईल.

मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. तिथे ते अगदी आपुलकीने म्हणाले, "इतना सीरियस मत होइए. गेट पर कह दें, भतीजे हैं. बात खत्म. लंबे वाले का तो ठीक है. वो दूसरा वाला... वो बस नाम कुछ और बता दे. घंटे-दो घंटे की तो बात है. सबकी सुविधा हो जाएगी."

"नाम उसके माँ-बाप ने रखा है," मी म्हणाले. "कमेटी ने नहीं."

"आप तो गुस्सा हो गईं," असं ते म्हणाले, आणि लिफ्टचं दार बंद झालं. मला त्या माणसाचा राग आलाच, पण त्याच्या त्या मऊ आवाजाचा जास्त आला. शिव्या देणाऱ्याला उलट शिवी देता येते. सोय करून देणाऱ्याला काय द्यायचं?

घरात आले तेव्हा आई कपबश्या विसळत होती. "काय म्हणाला शेवटी?" मी तिला एवढंच सांगितलं, की मुलं येतात ते खुपतंय, आणि कदाचित घर सोडावं लागेल. नावाचं बोलले नाही. बोलावं असं ते नव्हतंच. आईने कप पालथा घातला आणि म्हणाली, "घर गेलं तर दुसरं बघू. रविवार जायचा नाही."

पुढच्या रविवारी मी पुरणपोळ्यांची कणीक तिंबत होते, हात कोपरापर्यंत भरलेले. इंटरकॉम वाजला. आई त्या यंत्राला कधी हात लावत नसे, पण माझे हात बघून तिनेच उचलला. गार्ड सगळ्यांशी ओरडूनच बोलायचा, त्यामुळे मला स्वयंपाकघरातून शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"माताजी, आपके भतीजे आए हैं," आणि त्याने दोन नावं सांगितली. पहिलं उंच मुलाचं होतं. दुसरं कुणाचंच नव्हतं. म्हणजे गल्लीत हाक मारली तर चारजण वळून बघतील असं, साधं, सगळ्यांच्या सोयीचं नाव. माझे हात परातीतच थांबले. सेक्रेटरींनी मी नाही म्हटल्यावर परस्पर गार्डला पढवलं होतं, आणि गार्डने मुलांना.

"दूसरा कौन?" आईने विचारलं.

गार्डने तेच नाव पुन्हा सांगितलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर तिला सगळं मिळालं असावं. ती पुन्हा फोनकडे वळली. "इस नाम का हमारा कोई नहीं है."

"अरे माताजी, वही चश्मे वाला. हर संडे तो आता है."

"चश्मेवाले को हम पहचानता है. उसका नाम ये नहीं है. उसको फोन दो."

खाली थोडी खळबळ झाली. रविवारची सकाळ, फाटकाशी गाड्या धुणं चाललेलं, उन्हात खुर्च्या टाकून लोक पेपर वाचत बसलेले. मला वाटलं, आई हे काय करते आहे. त्या पोराला तिथे चारचौघांत कशाला उघडं पाडते आहे. मी "आई, अगं" म्हणत फोनला कान लावेपर्यंत त्याचा आवाज आला.

"आजी, मी आहे."

"मी कोण?"

"आजी, राहू द्या ना. इथं सगळे ऐकायलेत."

"ऐकू देत. तुला लाज वाटावी असं त्यात काही नाही. ज्यांना वाटायला पाहिजे ते खुर्चीत बसलेत."

मग त्याने नाव सांगितलं. आधी हळू, मग वडिलांचं जोडून, मग गावाचं, शाळेच्या पहिल्या दिवशी सांगतात तसं.

"हां," आई म्हणाली. "आता फोन त्याला दे." आणि गार्डला तिने तिच्या आयुष्यातलं सर्वांत ठणठणीत हिंदी वाक्य ऐकवलं. "ये हमारा फैमिली है. ऊपर भेजो."

फ्लॅट आम्हाला तीन महिन्यांनी सोडावा लागला, हे सांगून टाकते. मालकाच्या वडिलांनी फार वाईट वाटून घेतलं आणि घर काढून घेतलं. त्याचा राग मला अजून आहे आणि जायचा नाही.

त्या दिवशी मुलं वर आली तेव्हा उंच मुलगासुद्धा गप्प होता. चष्मेवाला पाटावर बसला, मान खाली. आईने पुरणपोळीवर तूप ओतलं आणि म्हणाली, "परत दुसऱ्याचं नाव लावून आलास तर उपाशी जाशील. सांगून ठेवते."

तो हसला. चष्मा काढून सदऱ्याला पुसत म्हणाला, "आजी, खोलीवरपण मी तेच नाव सांगितलंय. नाहीतर खोली मिळत नव्हती. वर्ष झालं. आज फाटकावर सांगताना जीभ अडखळलीपण नाही, बघा. आता इकडे माझं नाव घेणारं तुमचं एकच घर आहे."

आईच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. त्यानंतर जेवण होईपर्यंत तिने त्याला नावानेच हाका मारल्या. नाव घेऊन पोळी घे, नाव घेऊन कटाची आमटी घे, नाव घेऊन भांड्यांना हात लावू नकोस. उंच मुलगा हसायला लागला, मग तोही, मग मीही.

दुपारी मुलं निघाली. ती फाटकापाशी पोचली असतील नसतील, तेवढ्यात आई बाल्कनीत गेली, कठड्यावर ओणवी झाली आणि चौथ्या मजल्यावरून त्याच्या नावाने हाक मारली. गाड्या पुसणारे थांबले. बाल्कन्यांमधून डोकी बाहेर आली. खुर्चीतल्या सेक्रेटरीसाहेबांनी पेपरातून मान वर केली.

"डबा विसरलास!" आई ओरडली.

डबा त्याच्या हातातच होता. त्याने तो वर करून दाखवला.

आईने आणखी एकदा हाक मारली.